दफ्तराच्या किल्ल्या

कब्बन पार्कच्या कडेला उभी असलेली तांबडी, लांबच लांब, खांबांच्या ओळींची इमारत बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसाने पाहिली नाही, असे सहसा होत नाही. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. परंतु लोकांच्या तोंडी बसलेले तिचे नाव 'अठरा कचेरी' हेच. १८६४ ते १८६८ या काळात ती बांधली गेली. तोपर्यंत म्हैसूर राज्याचा कारभार किल्ल्याजवळच्या टिपूच्या लाकडी महालातून चालत असे. तेथील कचेऱ्या या नव्या इमारतीत आल्या आणि १९५६ साली समोरचे विधानसौध पुरे होईपर्यंत येथेच राहिल्या. चिक्कदेवराज ओडेयर यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस कारभाराची अठरा खाती केली, अशी परंपरा सांगते. त्या अठरांची ही आठवण. 'अठरा' या संख्येला कन्नड माणूस 'हदिनेंटु' म्हणतो. तरी इमारतीच्या नावात 'अठरा'च टिकले, मग ते दख्खनी हिंदुस्थानीतून आलेले असो वा मराठीतून. दफ्तर, शिरस्तेदार, जमाबंदी, खाते, पहाणी हे येथील सरकारी व्यवहाराचे शब्दही आपल्याला घरच्यासारखेच वाटतात. हैदर-टिपूंच्या काळी म्हैसूरच्या जमाखर्चात कानडीबरोबर मराठीही चालत असे, असे त्या काळच्या इतिहासात नमूद आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे या ओळखीचे नवल वाटत नाही.

कचेरी म्हटली की कागद आला आणि कागद आला की प्रश्न आला : हा कागद कोणाचा? तो लिहिणाऱ्याचा, सांभाळणाऱ्याचा, की ज्याच्या जमिनीबद्दल, कराबद्दल, हक्काबद्दल तो लिहिला आहे त्याचा? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण सारे मागे वळून पाहत आहोत. अशा वेळी या एका प्रश्नाचा इतिहास, महाराष्ट्रातील आणि या कर्नाटक भूमीतील, एकत्र पाहावा असे आम्हांस वाटले. कारण या इतिहासात आपली माणसे दोन्ही बाजूंना दिसतात : दफ्तराला कुलूप लावणारांत आणि ते उघडावे म्हणून आयुष्य वेचणारांतही.

दगडावरची नोंद

कागदाच्या आधी दगड होता. राजाने दान दिले, कर माफ केला, देवळास गाव लावून दिले, तर ती गोष्ट शिळेवर कोरून देवळाच्या दाराशी किंवा गावाच्या वेशीवर उभी केली जाई. तिची नक्कल मागण्यास अर्ज लागत नसे. ज्याला वाचता येई तो वाची, ज्याला येत नसे तो दुसऱ्याकडून वाचून घेई. दान मोडणाऱ्यास पाप लागेल, असा शापही बहुधा खाली कोरलेला असे. म्हणजे साक्षीदार सारा गाव, आणि पुढच्या पिढ्याही.

या बाबतीत आपल्या भाषेचा एक मोठा ठेवा याच राज्यात आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी 'चावुंडराजें करवियलें' अशी अक्षरे आहेत. मूर्ती कोणी करविली, याची ही नोंद मराठीच्या अगदी जुन्या लेखांत मोडते. खुद्द बंगळुरात, मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवळाशी १६६९ चा एक शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी देवस्थानास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची ती नोंद. दाता मराठा आहे, पण लेख मात्र कन्नडात आहे. कारण ज्या लोकांनी तो वाचावयाचा आणि पाळावयाचा, त्यांची भाषा कन्नड होती. सरकारी नोंद लोकांच्या भाषेत असावी, हे तत्त्व तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या त्या दगडाने पाळले आहे. त्याकडे आमच्या वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

रुमालात बांधलेले राज्य

राज्य मोठे झाले, हिशेब वाढले, तसा दगड पुरेनासा झाला. पेशवाईत पुण्याच्या फडावर रोजकीर्द लिहिली जाई. त्या त्या दिवसाचे हुकूम, सनदा, जमा आणि खर्च यांची ती नोंद. तिच्यावरून खातेवार घडणी होत. कागद कापडी रुमालांत बांधून ठेवीत. गावोगाव हेच काम कुलकर्णी करी. कानडी मुलखात त्याला शानभोग म्हणत. या व्यवस्थेचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे, परंतु तिच्यातले वैगुण्यही सांगितले पाहिजे. कुलकर्ण्याचे दफ्तर त्याच्या घरी राही, पिढीजात वतन म्हणून ते बापाकडून मुलाकडे जाई आणि त्यात काय लिहिले आहे हे शेत कसणाऱ्यास बहुधा ठाऊक नसे. मोडी लिपी ही लिहिणाऱ्यांची लिपी होती. शिळेवरचा लेख उन्हात उभा होता. कागदावरचा रुमालात गेला. मुंबई राज्यात परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली आणि या राज्यात गावकीची वतने १९६१ च्या कायद्याने गेली. तेव्हाच गावचे दफ्तर कायद्याने घराबाहेर पडले. आपल्यापैकी ज्यांचे आडनाव कुलकर्णी, देशपांडे किंवा पाटील आहे, त्यांनी हा इतिहास अभिमानाने आणि थोड्या अंतर्मुखतेनेही वाचावा.

१८१८ साली पेशवाई गेली आणि पुण्याचे दफ्तर इंग्रजांच्या हाती पडले. त्यांना ते हवे होते ते इतिहासासाठी नव्हे. कोणत्या गावाचा वसूल किती आणि कोणते इनाम खरे, हे त्यांना ठरवावयाचे होते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि दक्षिण महाराष्ट्रात, धारवाड-बेळगावच्या मुलखात, इनामांची झडती सुरू झाली. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन होती, त्याने सनद दाखवावी. सनद वाळवीने खाल्ली असेल, घर जळाले असेल, तर ते त्याचे दैव. सरकारजवळच्या नोंदी मात्र सरकारच्या माणसांनी पाहावयाच्या. हजारो कुटुंबांची इनामे या चौकशीत गेली. १८५७ च्या सुमारास या भागात जो असंतोष धुमसत होता, त्याच्या कारणांत इतिहासकार या चौकशीचीही गणना करतात. एकाच्या हाती सारे कागद आणि दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, अशा स्थितीत न्यायाची भाषा किती पोकळ होते, याचा हा धडा आहे.

पुढे हे दफ्तर 'एलिएनेशन ऑफिस' या नावाने ओळखले जाऊ लागले. पुण्यात त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दगडी इमारत बांधली गेली. सुमारे पस्तीस हजार रुमाल आणि कोट्यवधी कागद तेथे सुरक्षित राहिले, याचे श्रेय त्या सरकारास दिलेच पाहिजे. परंतु दार बंद होते. अभ्यासक आत आले तर त्यांच्यामागून इनामदारांचे जुने दावे येतील, ही धास्ती त्यामागे होती. राज्याला आपल्याच कागदांची भीती वाटते, तेव्हा त्या कागदांत प्रजेच्या कामाचे काही असलेच पाहिजे, असा तर्क कोणीही करील.

दार ठोठावणारे

या दारावर पहिली थाप मारणारांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव अग्रभागी येते. गणेश चिमणाजी वाड यांनी या दफ्तरातून पेशव्यांच्या रोजनिशांचे वेचे काढले. त्यांच्या आधारे १९०० साली रानडे यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. मराठ्यांचे राज्य म्हणजे केवळ लुटारूंचे राज्य, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले ते भावनेने नव्हे, तर जमाखर्चाने. ज्या समाजाला आपले कागद वाचावयास मिळत नाहीत, त्याचा इतिहास दुसरे लिहितात, हे त्या पिढीने ओळखले होते.

दुसरा मार्ग विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा. सरकारी दार उघडत नाही, तर लोकांची दारे ठोठावू, असा त्यांचा निश्चय होता. वाडे, माळे, अडगळीच्या खोल्या धुंडाळून त्यांनी कागद जमविले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पुढे ते खंड बावीस झाले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस पटवर्धनांच्या दफ्तरावर असेच अविरत काम केले. १९१० साली राजवाडे यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. सरकारी आश्रयावाचून, लोकांनी लोकांसाठी उभारलेले असे ते दफ्तरखाना होते. बंगळूरकरांना राजवाड्यांचे आणखी एक ऋण आहे. शहाजीराजांचा येथील दरबार ज्यात वर्णिला आहे, तो जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' त्यांनीच १९२२ साली प्रसिद्ध केला. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले, हे आपण जाणतो. परंतु त्या दरबारात किती भाषांचे कवी होते, हे त्या पोथीवाचून कळले नसते.

सरकारी दार अखेर उघडले ते अर्धवट. कलकत्त्याचे यदुनाथ सरकार यांनी दीर्घकाळ आग्रह धरला आणि मुंबई सरकारने गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवड व संपादन सोपविले. १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत 'पेशवे दफ्तरा'चे पंचेचाळीस खंड निघाले. काम अचाट होते, यात शंका नाही. तरीही पुण्याच्या संशोधकांनी जो आक्षेप घेतला तो आजही विचार करण्याजोगा आहे. निवडून दिलेले कागद म्हणजे उघडे दफ्तर नव्हे, असे त्यांचे म्हणणे. निवड करणारा कितीही थोर असो, काय निवडले नाही हे वाचकाला कळत नाही. दार एकासाठी उघडणे आणि दार उघडणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आज हे दफ्तर पुणे पुराभिलेखागार म्हणून अभ्यासकांस उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी किती पिढ्या खर्ची पडल्या, हे विसरू नये.

म्हैसूरचा धडा

ज्या राज्यात आपण येऊन स्थायिक झालो, त्याच्या इतिहासातही हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १८८१ साली म्हैसूरचे राज्य ओडेयर घराण्याकडे परत आले आणि त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी प्रतिनिधी सभा भरविली. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी तिची पहिली बैठक झाली. १४४ सभासद होते. शेतकरी आणि व्यापारी यांच्यासमोर उभे राहून दिवाणाने वर्षाचा जमाखर्च व सरकारचे बेत सांगावयाचे आणि सभासदांनी गाऱ्हाणी मांडावयाची, असा तिचा क्रम होता. सभेस मताचा अधिकार नव्हता, हे खरे. परंतु राज्याचा हिशेब प्रजेस सांगावा लागतो, ही गोष्ट एका संस्थानाने त्या काळी मान्य केली, हे थोडे नव्हे.

पुढचा प्रसंग आपल्या अधिक जवळचा आहे. १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव, कुंभकोणमच्या, तंजावरी मराठी परंपरेतल्या घराण्यातले. त्यांच्या कारकिर्दीत १९०७ साली म्हैसूरची विधानपरिषद स्थापन झाली आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९०८ साली, वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही आला. सरकारी परवान्यावाचून पत्र काढता येऊ नये, असा त्याचा रोख होता. 'तातय्या' म्हणून ज्यांना म्हैसूर ओळखते, त्या एम. वेंकटकृष्णय्या यांनी निषेध म्हणून आपली पत्रे बंद केली. एकाच हाताने सभेचे दार उघडावे आणि त्याच हाताने छापखान्याचे लावावे, असा हा प्रकार. माधवराव कर्तबगार प्रशासक होते. म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. गुप्ततेची ओढ वाईट माणसालाच असते असे नाही. ती खुर्चीलाच असते, आणि खुर्चीवर बसणारा आपल्या भाषेचा असला म्हणून ती सुटत नाही.

हक्क कायद्यात आला

इंग्रज सरकारने गुप्ततेचा कायदा १८८९ साली केला, १९०४ साली तो कडक केला आणि १९२३ साली पुन्हा नव्याने केला. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. तिकडे स्वीडनने १७६६ सालीच सरकारी कागद पाहण्याचा हक्क नागरिकांस दिला होता आणि अमेरिकेने १९६६ साली तसा कायदा केला. आपल्याकडे १९७५ साली राज नारायण यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी सांगितले की, सार्वजनिक अधिकारी सार्वजनिक रीतीने जे जे करतात ते जाणण्याचा हक्क या देशाच्या जनतेस आहे. न्यायालयाने तत्त्व सांगितले; पण तहसील कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होण्यास आणखी तीस वर्षे लागली.

त्या तीस वर्षांतील खरे काम राजस्थानच्या खेड्यांत झाले. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने कामावरच्या मजुरांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर जाहीर वाचून दाखविण्याचा परिपाठ १९९४ पासून सुरू केला. मेलेल्यांच्या नावे मजुरी निघाल्याचे, न बांधलेल्या कामांवर खर्च पडल्याचे लोकांनी आपल्या कानांनी ऐकले. कागद चारचौघांत वाचला की त्याची ताकद बदलते. शिळेवरच्या लेखाचीच ही नवी आवृत्ती म्हणावयाची.

मग राज्ये पुढे आली. गोवा व तमिळनाडू यांनी १९९७ साली कायदे केले; कर्नाटकाने २००० साली केला; महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याखाली २००२ सालापासून लागू होणारा कायदा झाला. १२ ऑक्टोबर २००५ रोजी देशाचा माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे अंमलात आला. त्याच दिवशी पहिला अर्ज पुण्यातील एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. ज्या शहरात पस्तीस हजार रुमालांचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, तेथेच हे घडावे, हा योगायोग सुखद आहे.

या कायद्याचे मर्म थोडक्यात असे : कोणत्याही नागरिकाने अर्ज करावा, कारण सांगण्याची गरज नाही, उत्तर तीस दिवसांत मिळावे आणि कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. केंद्र सरकारच्या कचेरीसाठी अर्जाची फी दहा रुपये. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षितता वगैरे मोजके अपवाद सोडता, नाकारता येत नाही. चौथ्या कलमान्वये प्रत्येक कचेरीने आपले कागद सूचिबद्ध ठेवावेत आणि पुष्कळशी माहिती न मागताच प्रसिद्ध करावी, असे बंधन आहे.

कर्नाटकाने एक पाऊल त्याआधीच टाकले होते. 'भूमी' या योजनेखाली १७७ तालुक्यांतील सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आल्या. शेतकऱ्याने पंधरा रुपये भरून आपल्या पहाणीची नक्कल खिडकीवर घ्यावी, अशी सोय २००१ च्या सुमारास झाली. आपल्या सातबारासारखाच हा उतारा. शानभोगाच्या घरातले दफ्तर अखेर खिडकीवर आले. नोंद उघडी झाली म्हणजे ती बरोबर झाली, असे मात्र नव्हे. जुन्या वहीतली चूक संगणकातही चूकच राहते. परंतु दिसणारी चूक दुरुस्त करून मागता येते, न दिसणारी नाही.

उरलेली कुलपे

तर मग सारे संपले काय? आमच्या मते तीन कुलपे अजून उरली आहेत.

पहिले कुलूप अव्यवस्थेचे. कागद सापडत नाही, असे उत्तर मिळाले की कायदा हतबल होतो. पेशवे दफ्तर उघडता आले, कारण ते रुमालांत लावून ठेवले होते.

दुसरे कुलूप कायद्यातल्याच फटींचे. कर्नाटकाच्या नियमांनी २००८ साली अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांपुरता मर्यादित केला. व्यक्तिगत माहिती नाकारताना, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय आणि व्यापक लोकहित आहे काय, हे पाहण्याची अट मूळ कायद्याच्या त्या कलमातच होती. संसदेने २०२३ साली केलेल्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्याने ती अट तेथून काढून टाकण्याची तरतूद केली. लोकहितासाठी माहिती देण्याची वेगळी मुभा कायद्यात शिल्लक आहे. पण ती वापरणे अधिकाऱ्याच्या हाती. सामान्य माणसाचे खासगी आयुष्य झाकलेले असावे, हे आम्हांस मान्य आहे. कोणाच्या आजाराची वा घरगुती अडचणीची नोंद चव्हाट्यावर येऊ नये. परंतु सार्वजनिक पैसा कोणाला मिळाला, हे त्या पडद्याआड जाता कामा नये. राजस्थानच्या हजेरीपत्रकांवर नावे होती, म्हणूनच मेलेले मजूर उघडकीस आले.

तिसरे कुलूप भाषेचे आणि लिपीचे. ते दुसऱ्या कोणी लावलेले नाही. पुण्याचे दफ्तर आज खुले आहे, पण मोडी वाचणारे किती? तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांची बाडे आहेत. त्यांनाही वाचक हवेत. आणि येथे, बंगळुरात, महापालिकेचे, तालुक्याचे, राज्य अभिलेखागाराचे कागद बहुतांशी कन्नडात आहेत. कायदा म्हणतो की, अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. अर्ज इंग्रजीत करता येईल. पण उत्तरासोबत आलेली पहाणी कन्नडच असेल. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही ज्याला ती वाचता येत नाही, त्याच्यासाठी दार उघडे असूनही बंदच. मल्लेश्वरमच्या शिळेवर एकोजीने कन्नडात लेख कोरविला. त्याच्या मागून आलेल्या आपण ती भाषा शिकण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. मुलांना घरी मराठी, शेजारी कन्नड आणि आवड असल्यास सुटीत मोडी, असा परिपाठ ठेवला, तर या तिन्ही दफ्तरांच्या किल्ल्या एका पिढीत हाती येतील.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणीची पुस्तके, हिशेबाची पत्रके, गणेशोत्सवाच्या पावत्यांची खोडे, हे पन्नास वर्षांचे आपले लहानसे दफ्तर. सरकारकडे जे मागावयाचे, ते आधी आपल्या घरी पाळले पाहिजे. या वह्या क्रमाने लावून, त्यांची यादी करून, कोणाही सभासदाला कोणत्याही रविवारी पाहता येतील अशा ठेवाव्यात, अशी आमची कार्यकारिणीस आणि सभासदांस नम्र विनंती आहे. शताब्दीच्या वेळी जो कोणी या मंडळाचा इतिहास लिहावयास बसेल, त्याला दार ठोठावावे लागू नये.